गोतावळा आणि बारोमास: एकात जीव तुटतो, दुसरीत डोकं फिरतं, असं का?

वाचनवेडा_सातारा: मंडळी, आनंद यादवांची गोतावळा (१९७१) परत वाचली आणि लगेच सदानंद देशमुखांची बारोमास घेतली. दोन्हीत शेतकऱ्याची पडझडच, पण पहिलीत रडू येतं आणि दुसरीत नुसता संताप. असं माझंच होतंय का? पुढं काय वाचू तेही सांगा.

काळी_माती: गोतावळातला नारबा सालगडी आहे हो, त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यावरची जनावरं. मालक ट्रॅक्टर घेतो आणि जनावरं विकतो तेव्हा याचं घरदारच गेलं की, आणि तो हे सगळं त्याच्या कागलकडच्या बोलीत स्वतः सांगतो म्हणून जास्त लागतं. बारोमासमधला एकनाथ जमीनवाल्याचा शिकलेला पोरगा, एम.ए. बी.एड. करून बसलाय, नोकरीला पैसे मागतात आणि शेतीत घातलेलं परत येत नाही, मग तो चिडणारच ना.

खुरपं: बैल गेल्याचं दुःख शहरातल्या वाचकालाच जास्त होतं, माफ करा. आमच्या आबांनी जोडी विकली तेव्हा म्हणाले, काम दोन महिने आणि खाणं बारा महिने, कडबा कुठनं आणू. डोळ्यात टिपूस नाही. पण कासरा अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे, कुणाला हात लावू देत नाहीत, आणि पोळ्याला मातीचे बैल पुजतात. पुतण्याला शिवळ आण म्हटलं तर मोबाईलमध्ये शोधत बसला.

पाणंद: बनगरवाडी (१९५५) वाचा. तिथं ट्रॅक्टर नाही की बँक नाही, धनगरांचं गाव नुसत्या दुष्काळानं ओस पडतं. नंतर विश्वास पाटलांची झाडाझडती, त्यात दुष्काळ नाही, तर धरण गाव घालवतं. आणि हो, नुसत्या कादंबऱ्या नको, आसाराम लोमटेंच्या आलोकमधल्या कथा पण घ्या, त्यांना २०१६ चा साहित्य अकादमी मिळालाय. मला तर ह्या विषयाला कथाच जास्त झेपते असं वाटतं, पण ते राहू दे, भांडण होईल.

वाचनवेडा_सातारा: धन्यवाद, आलोक मागवतो. लाज वाटते पण शिवळ म्हणजे काय ते मलाही माहीत नाही 😅

खुरपं: जुवाच्या भोकात घालतात ती लाकडी खुंटी, बैलाच्या मानेचा पट्टा तिलाच अडकवायचा. आमच्याकडं एकच उरलीय, सध्या खिडकीला अडसर म्हणून लावलीय.