रामनदीचं सॅम्पलिंग: डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) कधी 2 कधी 9, असं का?

पाणवठा: एमटेकचा प्रोजेक्ट पुण्यातल्या रामनदीवर आहे, भुकूमपासून मुळेच्या संगमापर्यंत पाच ठिकाणी बाटल्या भरतेय. पाषाण तलावाच्या खाली डीओ एकदा 2 आला एकदा 9, मीटर दोनदा कॅलिब्रेट केला तरी तेच, खूप टेन्शन आलंय.

ओढेकरी: किती वाजता भरलंस ते आधी बघ. शेवाळ असलं की दुपारच्या उन्हात ऑक्सिजन चढतो आणि रात्रभर तेच शेवाळ तो खातं, म्हणून पहाटे सगळ्यात कमी. मी पहाटे साडेपाचला टॉर्च धरून गुडघाभर पाण्यात उभा राहायचो, पण त्याशिवाय नदीचे खरे हाल कळत नाहीत गं. दोन्ही वेळा घे.

पाणवठा: अरे हो, 9 वाला दुपारी तीनचा होता!

भूजलवेडी: आणि प्रवाह मोजतेस ना? नुसत्या नायट्रेटच्या आकड्यावरून एकूण किती नायट्रेट वाहून जातंय ते कळत नाही, त्याला डिस्चार्जने (सेकंदाला किती पाणी वाहतं त्याने) गुणावं लागतं. फ्लोट (तरंगणारी वस्तू) टाकून वेग काढलास तर सरासरी वेगासाठी त्याला साधारण 0.85 ने गुण, पृष्ठभागाचं पाणी जास्त पळतं. बाटल्या बर्फातच ने. आणि पहिला पाऊस अजिबात सोडू नकोस, रस्त्यावरची सगळी घाण तेव्हाच उतरते.