मदत हवी आहे: ‘कामाचा प्रकार’ ऑर्डिनल धरू की नॉमिनल?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे. आता एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेझर’चा (Measure, म्हणजे मोजमापाचा प्रकार) रकाना भरताना गाडी अडली: नुसते वेगवेगळे गट असले तर नॉमिनल, गटांना क्रम असला तर ऑर्डिनल.

सोपं तेवढं कळतं. पिनकोड आकड्यात असला तरी नॉमिनल. ४१३००६ हा काही ४१३००५ पेक्षा वरचढ नाही. मातृभाषाही तशीच, तेलुगू आधी लिहा नाहीतर कन्नड. शिक्षण मात्र ऑर्डिनल: चौथी, दहावी, बारावी असा चढता क्रम आहे, पण मधलं अंतर सारखं नाही.

घोळ आहे तो कामाच्या प्रकारात. कांडी भरणारी, विणकर, जॉबर (माग दुरुस्त करणारा). माझ्या मते नॉमिनल, कामं वेगळी आहेत एवढंच. सर म्हणतात, मजुरी चढत जाते, म्हणून ऑर्डिनल. अहो, पण मजुरीचा प्रश्न वेगळा विचारलाय की! मग इथे क्रम कशाच्या जोरावर लावायचा?

दुसरं म्हणजे समाधानाचा प्रश्न. ‘अजिबात नाही’ ते ‘पूर्ण’ असे पाच पर्याय, सहावा ‘सांगता येत नाही’. शेजारी मालक उभा असला की बहुतेक बायकांनी हाच निवडलाय. त्याला ६ कोड दिला तर तो ‘पूर्ण समाधानी’च्याही डोक्यावर बसतो. मिसिंग (उत्तरच नाही असं) धरावं तर नेमकी घाबरलेली माणसंच गळतात. सगळंच नॉमिनल करून काय-स्क्वेअर (दोन वर्गवारींचा संबंध तपासणारी चाचणी) लावला तर क्रम वाया जातो. मला क्रुस्कल-वॉलिस (क्रमावरून गटांची तुलना करणारी चाचणी) लावायची आहे.

असा डेटा कुणी हाताळला असेल तर सांगा, कारणासकट. सरांना पटवायचंय.