जिप्सीला खालचा दम हवा: कॅम बदलावा की नाही?

रामटेकवाला: 1298 सीसीची एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) मारुती जिप्सी आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 103 एनएम, पण तो 4500 आरपीएमला. गडाच्या चढावर 2000 च्या खाली नुसती गुरगुरते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घासून देणारा म्हणतो, 280 डिग्रीचा टाका, गाडी पळते. मला वाटते खालचा दम, म्हणजे कमी आरपीएमवरची ओढ, पाहिजे तर ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो ते) कमीच हवे. बोला राजेहो.

वर्धारोड_16व्हॉल्व्ह: बरोबर आहे भाऊ. त्याला आधी विचारा, 280 मोजले कुठून? व्हॉल्व्ह हलल्यापासून की 1 मिलिमीटर उचलल्यावर? दोन्हींत लई फरक पडतो. आणि लोक लिफ्टच, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलतो तेच, पाहतात. खरे पाहायचे ते इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद कधी होतो. पिस्टन तळाला जाऊन वर निघाला तरी इनटेक उघडाच असतो. 5000 ला हवेला जोर असतो, ती तरीही आत घुसत राहते. 1800 ला पिस्टन तीच हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये (हवा येणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. लांब कॅमवर खालचा दम मरतो तो इथेच. वरून ओव्हरलॅप (इनटेक अन् एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे राहण्याचा काळ) वाढला की आयडलिंगही लंगडते.

धरमपेठी: हे अर्धेच झाले. इनटेक लवकर बंद केला की चालू इंजिनातले खरे कॉम्प्रेशन वाढते. मे महिन्यात 45 डिग्रीत, चार माणसे बसवून चढावर घाला, टकटक (पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज) सुरू. मग इग्निशन मागे घ्या (ठिणगी उशिरा पाडा), म्हणजे कमावलेले तिथेच गेले. कंपनीचा कॅम आधीच नरम आहे. टायर कोणते आहेत?

रामटेकवाला: 235/75 आर15.

धरमपेठी: घ्या! मूळचे 205/70. व्यास 10 टक्क्यांच्या आसपास वाढला, म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले. अन् दोष कॅमला देऊन राह्यले! डिफरन्शियलचा (चाकांकडच्या शेवटच्या गिअरचा) रेशो पाहा आधी.

वर्धारोड_16व्हॉल्व्ह: रेशो बदलायचा तर क्राउन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलच्या गिअरजोडीचा, खर्च कोण देणार? कॅमला ॲडजस्टेबल पुली लावा, तोच कॅम क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) 4 डिग्री ॲडव्हान्स, म्हणजे लवकर, करा. टॉर्क खाली सरकतो, वरचे थोडे जाते. फक्त बेल्टचा दात सरकवायचा जुगाड नको. कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे 40 दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकच्या 18 डिग्री. डिग्री व्हील अन् डायल गेज (कोन अन् उचल मोजायची साधने) लावूनच करा.

बुटीबोरीकर: घासलेल्या कॅमच्या नादी लागूच नका. बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) लहान होतो, रॉकरचा (कॅम अन् व्हॉल्व्हमधल्या दांडीचा) कोन बिघडतो. वरचा कडक थर निघाला तर लोब (कॅमचा उंचवटा) झिजलाच समजा.

धरमपेठी: पुलीने ॲडव्हान्स केले तरी इनटेक लवकरच बंद होणार ना? माझी टकटक तिथेच आहे.

वर्धारोड_16व्हॉल्व्ह: 4 डिग्रीने एवढे काही होत नाही बावा. टकटकली तर 2 वर आणा, पुली त्यासाठीच असते.

रामटेकवाला: पुलीच घेतो. पाऊस पडला की लावतो.

धरमपेठी: आत्ता मे मध्येच लावा अन् भर दुपारी गडावर न्या. पावसात सगळ्याच गाड्या गुणी असतात.