लग्नानंतर नवरा-बायकोत पैशांचा करार करता येतो का? सल्ला हवा आहे

मेघवेळा
लग्नाला 6 वर्षं झाली, दोघंही नोकरीत. आता नवरा नोकरी सोडून मित्रासोबत भागीदारीत पॅकेजिंगचा धंदा सुरू करतोय. माझा विरोध नाही, त्यानं हे करावं असंच मला वाटतं. पण मी बारावीत असताना बाबांचा धंदा बुडाला आणि आईच्या नावावरची एफडीसुद्धा मोडावी लागली, ते डोळ्यांसमोरून जात नाही. माझी लग्नाआधीची साडेअकरा लाखांची एफडी, आईनं दिलेलं सोनं आणि दोघांच्या नावावरच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा (गृहकर्ज चालू आहे) धंद्याच्या कर्जापासून लांब राहावा, एवढंच हवंय. नवराही तयार आहे, कागद करून ठेवू असं तोच म्हणाला. असा करार कुणी केलाय का? बजेट सगळं मिळून 15,000. नातं तुटण्याचा विषय नाही, कृपया त्यावर सल्ला नको.

अंगणातली_जाई
विषय नको म्हणालीस, तरी मोठी म्हणून सांगते. नातं चांगलं असेल तर करार कशाला? आमच्या लग्नाला 31 वर्षं झाली. पगार एकाच खात्यात, कधी तुझं-माझं झालं नाही.

शिलेदार_७८
सोपं काम आहे. आम्ही 2019 साली 100 च्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करून घेतलं. 1,200 रुपयांत मोकळे. वकिलाला 15,000 देऊ नका.

दस्तऐवज
100 चा जमाना गेला. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून त्या जागी 500 चा स्टॅम्प लागतो. आणि नोटरीच्या शिक्क्यानं सही कुणाची ते कळतं, आतला मजकूर कायद्यात टिकेल याची हमी मिळत नाही. पुढेमागे वेगळं झालो तर कुणाला काय, असं आधीच लिहून ठेवलं तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 खाली, लोकहिताच्या विरोधात म्हणून, न्यायालय ते रद्दबातल धरू शकतं. पैसे कुणाचे, कशातून आले, कोणी कोणाला उसने दिले, हे लिहायला हरकत नाही. पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो.

शिलेदार_७८
आमचा कागद 6 वर्षं टिकलाय.

दस्तऐवज
तो अजून कोर्टात गेलेला नाही, म्हणून.

टेम्सकाठी
मी लंडनला असते. आम्ही लग्नानंतर 3 वर्षांनी पोस्टनप, म्हणजे लग्नानंतरचा करार, केला. दोघांचे वेगळे वकील, दोघांनी आपली सगळी मालमत्ता आणि देणी उघड केली, मिळून साडेचार हजार पौंड गेले. इथे सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या रॅडमाकर खटल्यातल्या निकालानंतर असे करार न्यायालय गांभीर्यानं घेतं, मात्र दोघांना समजून-उमजून सही करता आली होती का, ते बघतं. पैशांकडे बघू नका, दोन वकील कराच.

मांडवीकाठ
गोव्यात तर लग्नाआधीच ठरवावं लागतं. तिथे पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेतली पद्धत चालत आलीय. वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक, आणि लग्न झाल्यावर ते बदलता येत नाही. माझ्या बहिणीला हे फार उशिरा कळलं.

मेघवेळा
आम्ही दोघंही महाराष्ट्रातले, लंडनचं आणि गोव्याचं आम्हाला लागू नाही. मला भीती बँकेची आहे.

पेन्सिलची_फुली
मग माझं ऐका. आमच्यातही असा कागद होता, तुमच्यासारखाच प्रेमानं केलेला. 2017 मध्ये नवऱ्याच्या कर्जाला बँकेनं मला जामीनदार घेतलं. अधिकारी घरी आला. सह्या करायच्या तिथे पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी पानं उलटत सह्या करत गेले, मजकूर वाचलाच नाही. मुलाची शाळेची रिक्षा खाली हॉर्न देत होती, म्हणून शेवटच्या चार सह्या तर उभ्यानंच केल्या. दोन वर्षांनी हप्ते थकले आणि नोटीस माझ्या नावानं आली. आमचा कागद मी दाखवला. समोरचा म्हणाला, हा तुमच्या दोघांतला, आमची यावर सही कुठे आहे? जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम 128. आधी नवऱ्याकडून वसूल करा असं म्हणायचीही सोय नाही. माझी 7 लाखांची बचत गेली. आजही बँकेत पेन्सिलीची फुली दिसली की हात थांबतो.

अंगणातली_जाई
वाचून वाईट वाटलं गं. तरी पैसे दोघांचेच ना शेवटी.

पेन्सिलची_फुली
नाही ताई. ते माझ्या पगाराचे होते.

हिशोबवही
मूळ प्रश्नाचं उत्तर वरच्या प्रतिसादात आलंय. नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोच्या एफडीला कुणी हात लावू शकत नाही, जोवर ती कर्जदार, जामीनदार किंवा भागीदार नाही आणि एफडी तारण दिलेली नाही. म्हणून करारापेक्षा सही महत्त्वाची. फ्लॅटही तुमच्या सहीशिवाय पूर्ण तारण देता येणार नाही. धोका आहे तो त्याच्या अर्ध्या हिश्शाला, कारण 1932 च्या भागीदारी कायद्यात फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह बांधलेला असतो. मित्राची चूकही त्याच्या अंगावर येते. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करायला सांगा, 2008 च्या कायद्यानं ती सोय आहे. पण एलएलपी करूनही वैयक्तिक हमी लिहून दिली तर उपयोग शून्य.

सातबारा
त्याचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्रानं तुमच्या नावावर करून घ्या. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. मी बायकोच्या नावावर दोन घरं केली. स्थानिक अधिभार तेवढा वेगळा विचारून घ्या.

हिशोबवही
गृहकर्ज चालू असताना बँकेच्या संमतीशिवाय करू नका. आणि कर्ज देणाऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतर, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53, न्यायालयातून रद्द होऊ शकतं. धंदा अडचणीत आल्यावर केलं तर तोच संशय पहिला येणार. शिवाय ते घर भाड्यानं दिलंत तर बक्षीस मिळालेल्या हिश्शाचं भाडं करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

सातबारा
माझ्याकडे असं काही झालं नाही.

विमा_आणि_बरंच
कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. नवऱ्यानं धंद्यात उतरण्याआधी स्वतःच्या आयुष्यावर टर्म प्लॅन घ्यावा, 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, बायको-मुलांच्या लाभासाठी. तो ट्रस्ट मानला जातो. त्या रकमेवर कर्ज देणाऱ्यांचा हक्क पोचत नाही, फक्त त्यांना फसवायला हप्ते भरलेले नसावेत. पॉलिसी घेतानाच तो फॉर्म भरायचा असतो, नंतर जोडता येत नाही. माझ्या भावाचा तसाच राहून गेला. आणि पीपीएफ: खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमानं ते जप्त होत नाही, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतं. नवऱ्याचं खातं बंद करू नका.

दस्तऐवज
सोन्याचं सांगायचं राहिलं. स्त्रीधन पूर्णपणे तुमचं, ती नवरा-बायकोची समाईक मालमत्ता नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये सांगितलं आणि 2024 मध्ये पुन्हा. वजनासकट यादी करा, फोटो काढा, लॉकर स्वतःच्या नावावर. आणि कागदात भांडणाचा सूर येऊ देऊ नका. 1900 सालच्या एका खटल्यात नवऱ्यानं बायकोला ठरावीक रक्कम द्यायचं नोंदणी करून लिहून दिलं होतं, पण त्याच कागदात आपसातल्या कलहाचाही उल्लेख होता. कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं, इथे प्रेमापोटी दिलेलं काही दिसत नाही, आणि दस्त टिकला नाही.

शिलेदार_७८
म्हणजे कागद करूच नका. मी पण तेच म्हणतोय.

टेम्सकाठी
दोन वकील, परत सांगते.

मेघवेळा
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं नवऱ्यासोबत बसून वाचलं. पेन्सिलची_फुली, तुमचा प्रतिसाद त्यानं दोनदा वाचला आणि वही घेऊन स्वतःच लिहिलं, "हिची सही कुठेही मागायची नाही."

ठरलेलं असं. बक्षीसपत्र करणार नाही, त्याचं घर त्याच्याही नावावर राहू दे. मित्र एलएलपीला तयार नाही, त्यामुळे भागीदारीच. टर्म प्लॅन त्या कायद्याखाली या महिन्यातच घेतोय. आणि एफडीतले 3 लाख मी त्याला देणार आहे. नका देऊ म्हणाल, माहीत आहे. बँकेतून ट्रान्स्फर करून, उसने म्हणून लिहून देणार. बुडाले तर तेवढेच, आणि ते मी डोळे उघडे ठेवून दिलेले असतील. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

करारही करतोय, बँकेला तो बांधत नसला तरी. कुणाचं काय, हे आम्हा दोघांना एकाच शब्दांत लिहिलेलं हवंय. एकच वकील, 12,000 सांगितलेत. शनिवारी जातोय.

पेन्सिलची_फुली
जाताना गृहकर्जाचा मूळ करार घेऊन जा. कर्जदाराच्या त्याच बँकेतल्या इतर देण्यांनाही हे तारण लागू राहील, असं कलम आहे का ते वकिलांना शोधायला सांगा. असेल तर धंद्याचं कर्ज त्या बँकेतून घेऊ नका. आमच्या करारात ते होतं, पान 9 वर, खालून दुसरा परिच्छेद.