टाळेबंदीतली कोल्हापूरची हवा: तुमच्या गल्लीतला अनुभव सांगा

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवा खराब असलेल्या शहरांत आपलं कोल्हापूरही आहे, हे मला फार उशिरा कळलं. हवा खराब ती दिल्लीची, असंच वाटायचं. २५ मार्च २०२० पासून सगळं थांबलं, तेव्हा तुमच्याकडं काय बदललं? मी सुरुवात करतो. आमचं घर दाभोळकर कॉर्नरजवळ. आई रोज खिडकीचे गज पुसते, फडकं चिकट काळं होतं. एप्रिलात तिनं फडकं माझ्यासमोर धरलं. "बघ की रे, नुसती माती!"

शिवाजी पेठ: त्या वर्षी जोतिबाची चैत्र यात्रा रद्द झाली. दरवर्षी चालत जाणारे आमचे आजोबा पौर्णिमेला गच्चीवरूनच हात जोडून उभे राहिले. एरवी उन्हाळ्यात डोंगर धुरकट असतो. त्या दिवशी वळीव पडून गेल्यावर दिसावा तसा दिसत होता. आजोबा बराच वेळ खाली आलेच नाहीत.

उद्यमनगर: मी फौंड्रीत मोल्डिंगला आहे. रुमाल बांधला तरी बारीक वाळू नाकात जातेच. दीड महिना खोकला नव्हता. पण पगारही नव्हता, दुकानात उधारी वाढत होती. भट्टी परत पेटली, तो वास आला आणि बरं वाटलं. खरं तेच सांगतोय.

राजारामपुरी: मला हवेचं काही आठवत नाही. सप्टेंबरात बाबांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत चार दवाखाने फिरलो. ते गेले.

विज्ञान शिक्षिका, कसबा बावडा: पहिल्या अनुभवातलं फडकं मी वर्गात सांगणार आहे. काळा चिकट थर बहुतेक डिझेलच्या काजळीचा, गाड्या थांबल्या की तो लगेच कमी होतो. माती वाऱ्यानंही उडते. पण फुप्फुसात खोल जातात ते पीएम २.५ कण, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. आपल्याकडं त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची शिफारस ५ वर आणली.

करवीर तालुका: आमच्या गावात धूर थांबलाच नाही. ऊस तुटला की फडातला पाला पेटवतात, टाळेबंदीतही पेटवला. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची. मुलीला दमा आहे, दारं-खिडक्या लावून पंप हातात घेऊन बसायचो. आता आम्ही पाल्याची कुट्टी करून सरीतच कुजवतो, जमिनीत ओल टिकते. शेजारचा फड अजून पेटतो.