अनुभव धागा: जुन्या गाडीच्या सुटलेल्या पट्ट्या, क्लिपा आणि बीडिंग

भटकी चाकं (पुणे)

गेल्या दिवाळीत आठ वर्षं वापरलेली गाडी घेतली. इंजिन, क्लच, टायर सगळं मेकॅनिकला सोबत नेऊन तपासलं. पहिल्याच मुंबई फेरीत काटा ऐंशीच्या पुढे गेला की उजवीकडून फडफड सुरू व्हायची. मागच्या चाकाच्या कमानीवरचं काळं क्लॅडिंग (पत्र्यावर बसवलेलं प्लास्टिकचं आवरण) एका टोकाला सुटलं होतं. दाबलं की बसायचं आणि लोणावळ्यापर्यंत परत बाहेर.

झटपट चिकटणारा गोंद लावून पाहिला. आठवड्यात तडकला, वर रंगावर पांढरट डाग राहिला. मग क्लॅडिंग पूर्ण उतरवलं तेव्हा खरं कारण दिसलं: नऊपैकी सहा क्लिपा मोडलेल्या, दोन तर गायबच. मोडकी क्लिप खिशात घालून नाना पेठेत गेलो. गाडीचं नाव सांगण्यापेक्षा नमुना दाखवणं चांगलं, कारण भोकाच्या मापात एका मिलिमीटरचा फरक असला तरी क्लिप धरत नाही. पत्र्याच्या भोकांत अडकलेले जुने तुकडे पक्कडीने काढले, मागे साचलेली माती धुतली, नव्या क्लिपा ठोकल्या. पावसाळा गेला, आवाज नाही.

तुमच्या गाडीचं काय सुटलं होतं, कशानं बसवलं, टिकलं का? फसलेले प्रयोगही जरूर लिहा, ते जास्त उपयोगी पडतात.

संत्रानगरी

आमच्याकडे उन्हाचा प्रश्न. दारावरची लांब पट्टी मी पूर्ण लांबीभर कडक गोंदाने चिकटवली होती. मे महिन्यात ती मधोमध फुगून लाटेसारखी झाली. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर मीटरभर प्लास्टिकची पट्टी साधारण 3 मिलिमीटर वाढते. पत्रा अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. क्लॅडिंगची काही भोकं मुद्दाम लांबट असतात ती यासाठीच. आता फोमवाली ॲक्रिलिक टेप वापरतो, ती थोडी ताणली जाते. क्लिपेच्या जागी मात्र क्लिपच हवी.

रत्नदुर्ग

कोकणात टेप टिकत नाही असं सगळे सांगतात. माझी टिकली आहे, तिसरा पावसाळा. पूर्वतयारीत कंटाळा करायचा नाही, एवढंच. उतरवण्याआधी पट्टीच्या वर मास्किंग टेपची सरळ रेघ मारून ठेवा, नाहीतर परत बसवताना ती तिरकी होते. मग मागून मासेमारीची तंगूस करवतीसारखी फिरवा, पट्टी न वाकता निघते. जुना चिकटा निलगिरीच्या तेलाने सुटतो, पण तेलाचा अंश राहिला तर नवी टेप धरणार नाही. म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. हेअर ड्रायरने पत्रा आणि पट्टी दोन्ही कोमट करा, टेप लावून अंगठ्याने जोरात दाबा. टेपेला पूर्ण पकड यायला 72 तास लागतात, तेवढे दिवस गाडी धुवायची नाही. मी तर श्रावण संपून कोरडे दिवस येईपर्यंत थांबलो होतो.

पट्टीच्या मागे ‘पीपी’ असा ठसा असेल तर ते पॉलिप्रॉपिलिन. त्यावर नुसती टेप नीट धरत नाही, आधी प्रायमरचा (पकड वाढवणाऱ्या द्रवाचा) पातळ हात लागतो.

आई आणि चारचाकी (ठाणे)

माझं साधंच. काचेखालचं रबर बीडिंग कोपऱ्यात वर आलं होतं, पाणी दारात उतरायचं. गोंद न लावता बीडिंग काढलं, साबणाच्या पाण्यात धुतलं, खोबणीतली वाळू जुन्या टूथब्रशने साफ केली, परत दाबून बसवलं. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, तीही बुजली होती. ती मोकळी करा, नाहीतर दार आतून सडतं.

पत्र्याचा माणूस (कोल्हापूर)

मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, म्हणून कळकळीने लिहितो. मागच्या महिन्यात एक गाडी आली. क्लॅडिंग सैल पडलं म्हणून आधीच्या मालकाने सरळ पत्र्यात भोकं पाडून लोखंडी स्क्रू पिळले होते. चार स्क्रू, चारही जागी गंज, आणि क्लॅडिंगमागे फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड हाताने मोडेल अशी. दहा रुपयांच्या क्लिपेचं काम पत्रा कापून जोडण्यावर गेलं. कृपा करून उघड्या पत्र्यात स्क्रू मारू नका. भोक पडलंच असेल तर आधी गंजरोधक प्रायमर लावा.

दुसरं, गाडी घेताना एकाच बाजूच्या पट्ट्या सैल दिसल्या, किंवा डावी-उजवीकडची फट वेगळी दिसली, तर ती बाजू ठोकून रंगवलेली असू शकते. क्लॅडिंगची कड हलकेच ओढून आत रंगाची धार, म्हणजे नवा रंग जिथे थांबला ती रेघ, दिसते का बघा. मूळ रंगात अशी धार नसते.

बर्फगाव (कॅनडा)

रत्नदुर्ग, तुमचं कोमट करण्याचं अगदी पटलं. इथे शून्याच्या आसपास बाहेर उभं राहून लावलेली टेप दुसऱ्या दिवशी हातात आली. गाडी रात्रभर तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवून परत लावली तेव्हा बसली. रस्त्यावरचं मीठ क्लॅडिंगमागे साचतं, म्हणून दर वसंतात चाकांच्या कमानी आतून पाइपने धुतो.

भटकी चाकं

पत्र्याचा माणूस, तुमचं वाचून खाली उतरलो आणि उजव्या क्लॅडिंगची कड ओढून पाहिली. आत रंगाची धार आहे. डावीकडे नाही. रविवारी चाक काढून कमानीच्या आतलं लायनरही (अस्तर) उतरवतो, फोटो इथेच टाकतो. बघून सांगाल का?