वर्षाला जेमतेम अर्धी गोष्ट: टेड चियांगचा मार्ग धरावा का?

खगोलवेडा: विज्ञानकथाच लिहायच्या, कादंबरी नाही, असं ठरवलं असेल तर अमेरिकन विज्ञानकथाकार टेड चियांगकडे बघा. १९८९ला क्लॅरियन ही विज्ञानकथा-लेखनाची कार्यशाळा, १९९०ला 'ऑम्नी' मासिकात पहिली कथा, तिलाच नेब्युला पुरस्कार. २०१९पर्यंतच्या दोन्ही संग्रहांत मिळून कथा १७. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिली. एक कथा घाईत उरकली गेली असं वाटलं, तर २००३चं ह्यूगो पुरस्काराचं नामांकन सरळ नाकारलं. पगार चालू असला की असा ताठा परवडतो. नोकरी धरा, कमी लिहा.

तिरकस: साफ असहमत. अपवादाचा नियम करू नका. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेच्या हिशेबी व्यावसायिक दर शब्दाला किमान ८ सेंट, म्हणजे ५००० शब्दांचे ४०० डॉलर. बहुतेक मासिकांना एकाच वेळी दुसरीकडे पाठवलेली कथा चालत नाही. वर्षाला एकच लिहिलीत आणि ती महिनोन्‌महिने एका टेबलावर पडून राहिली, की बसा बोंबलत. अमेरिकन विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरीला १९४१मध्ये पहिल्या मानधनाचे साडेसत्तावीस डॉलर मिळाले, तेही सहलेखकासोबत वाटून. पण गडी लिहीत सुटला. १९४९ला डबलडे प्रकाशनाच्या संपादकाने मंगळावरच्या सुट्या कथा एकत्र गुंफायला सुचवलं. त्याने जुन्या कथा दुरुस्त केल्या, मधले सांधे नव्याने लिहिले आणि १९५०ला पुस्तक आलं. गाठीशी कथाच नसत्या तर गुंफणार काय?

खगोलवेडा: तेव्हा पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या कथा-मासिकांचा सुकाळ होता हो! आणि कमी लिहिलं म्हणून काही बुडत नाही. चियांगच्या १९९८च्या कथेवर 'अरायव्हल' आला २०१६ला. करारात फक्त प्रथम प्रसिद्धीचा हक्क द्यावा, चित्रपट आणि अनुवाद आपल्याकडे ठेवावेत, ते यासाठीच.

पानवाला: डॉलर मोजून झाले असतील तर मराठीकडे या. इथे निव्वळ विज्ञानकथांवर चूल पेटत नाही, त्यामुळे नोकरी धरावीच लागते; मग 'नोकरी धरा' हा सल्ला कुणाला देताय? नारळीकरांनी १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा धाडली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, तीही पत्नीच्या अक्षरात, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नाव झाकून लिखाण तपासणाऱ्या अशा स्पर्धा नवख्याला जास्त उपयोगी. दिवाळी अंकासाठी कथा पावसाळ्यातच तयार हवी. आणि आधी ब्लॉगवर टाकू नका, ती पूर्वप्रसिद्ध ठरते.

तिरकस: स्पर्धेचं मान्य. पण दिवाळी वर्षातून एकदाच येते, म्हणून तर हाताशी चार-पाच कथा हव्यात.